हाती घडविलेला टूल-होल्डर



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले आणि उद्या नाट्यसंगीतावर व्हायचे आहे. या दोहोंच्या मध्ये हा लोखंडाचा ठोकळा कोठून येऊन बसला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ अशा काही मथळ्याची असावी. त्या मथळ्यावर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत. बोलणारे आणि ऐकणारे दोघेही आता त्याला सरावले आहेत. म्हणून या खेपेस तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने, म्हणजे हत्याराच्या टोकाने धरावा असे ठरविले. आम्ही इंजिनियर नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण काही लेथवर आणि काही नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात पुस्तकी सफाई नसली तर आपण सांभाळून घ्याल.

टूल-होल्डर म्हणजे काय, हे समजायला कारखान्यात जाण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात विळी आहे. कापते ते पाते. पण पाते नुसते हातात धरून कोणी भोपळा चिरीत नाही. ते पाटात घट्ट बसलेले असते, आणि पाटावर आपण पाय देतो. तो पाट म्हणजे विळीचा टूल-होल्डर. पाते पाटात जरा ढिले झाले की विळी कशी कचकचते, भाजी तुटते पण चिरली जात नाही, हे भगिनींना आम्ही सांगायला नको. सुताराचा रंधा घ्या. पाते तो बाजारातून आणीत असे. परंतु लाकडाचे अंग, ज्यात ते पाते ठराविक कलाने पाचरीखाली दाबून बसवायचे, ते तो स्वतः घडवी. बाभळीचा किंवा शिसवीचा तुकडा शोधण्यात त्याचे दिवसचे दिवस जात. पाते विकतचे, पण पकड आपली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचेच काम आहे.

आता लेथकडे येऊ. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि कुंभाराचा हात स्थिर असतो. लेथवर तसेच लोखंड फिरते आणि हत्यार जागेवर उभे राहून त्याची साल काढते. फरक इतकाच, की माती हाताला मऊ लागते आणि लोखंड हाताला जुमानीत नाही. फार पूर्वी टर्नर लोक लांब दांड्याचे हत्यार काखेत धरून, एका आडव्या आधारावर टेकवून कापीत. काम चांगले निघणे हे त्या माणसाच्या खांद्यावर आणि नशिबावर अवलंबून असे. हत्याराला माणसाच्या हातातून काढून लोखंडी हातात द्यावे, ही कल्पना रशियात नार्तोव्हने आणि फ्रान्समध्ये वोकांसोंने अठराव्या शतकात प्रत्यक्षात आणली होती. परंतु ती कारखान्यात रुजविली ती इंग्लंडच्या हेन्री मॉडस्लेने, 1800 सालच्या सुमारास. त्याच्या सरकत्या आधाराची, म्हणजे स्लाइड-रेस्टची दखल कार्ल मार्क्सनेही 1867 च्या आपल्या ‘कॅपिटल’ ग्रंथात घेतली आहे. यंत्राने यंत्रे करण्याचे युग त्या आधाराने शक्य केले, असा त्याचा रोख आहे.

मॉडस्लेची एक हकीकत मात्र आम्हांस त्याच्या शोधापेक्षाही अधिक आवडते. तो जोसेफ ब्रामा या प्रसिद्ध कुलूपवाल्याच्या कारखान्यात फोरमन होता. पगार आठवड्याला तीस शिलिंग. घरी बायकामुले. त्याने पगारवाढ मागितली आणि मालकाने ती साफ नाकारली. तेव्हा 1797 साली मॉडस्ले बाहेर पडला आणि लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ त्याने आपले लहानसे वर्कशॉप थाटले. इतिहासकार याला उद्यमशीलता म्हणतात. आम्ही याला फेटाळलेली मागणी म्हणतो. दोन्ही खरे आहे.

मॉडस्लेने हत्यार माणसाच्या हातातून काढले, तरी त्याला धार कशी लावायची, कोणता कोन द्यायचा, हे ज्ञान शंभर वर्षे कामगाराकडेच राहिले. टर्नर आपले हत्यार भट्टीत तापवून ठोकी, त्याला पाणी देई, दगडावर घासून धार लावी. साध्या कार्बन पोलादाचे ते हत्यार जरा गरम झाले की पाणी उतरून मऊ पडे; म्हणून काम सावकाश चाले. मग अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी बेथलेहेम स्टील कंपनीत 1898 पासून प्रयोग करून नवे पोलाद सिद्ध केले. ते लाल होईपर्यंत तापले तरी कापीत राही. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी हा चमत्कार डोळ्यांनी पाहिला. हेच ते हायस्पीड स्टील. आजही लेथवाल्याच्या तोंडी ‘एचएसएस’ म्हणून आहे. त्यातला जुना प्रकार म्हणजे अठरा टक्के टंगस्टन, चार टक्के क्रोमियम आणि एक टक्का व्हॅनेडियम.

हे पोलाद महाग. तेव्हा अख्खी दांडी त्याची न करता, लहानसा चौकोनी तुकडा त्याचा घ्यावा आणि तो साध्या लोखंडाच्या होल्डरमध्ये पकडावा, ही युक्ती साहजिकच सर्वत्र पसरली. या तुकड्याला ‘टूल बिट’ म्हणतात.

टेलरचे येथपर्यंतचे काम निर्विवाद मोठे आहे. सव्वीस वर्षे त्याने धातू कापण्याचे प्रयोग केले, आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस केला, आणि 1906 साली ते सारे निबंधरूपाने प्रसिद्ध केले. त्या निबंधाची भाषांतरित टिपणे एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी आम्हांस करून दिली, तेव्हा आम्ही ती दोन पावसाळे वाचीत होतो. परंतु त्याच टेलरचे दुसरे म्हणणे असे, की धार लावण्याचे काम टर्नरकडे ठेवूच नये. हत्यारे टूल-रूममध्ये, ठरलेल्या कोनांवर, वेगळ्या माणसांनी किंवा यंत्राने घासावी. टर्नरने खिडकीवरून घ्यावी, वापरावी आणि परत करावी. किती वेगाने कापायचे हेही कचेरीने ठरवावे आणि हातात घड्याळ घेऊन एक माणूस जवळ उभा राहावा. 1911 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात या घड्याळावरूनच साचेकामगारांनी संप केला. अमेरिकन संसदेच्या समितीपुढे खुद्द टेलरला जबाब द्यावा लागला.

टेलरची बाजू लंगडी होती असे आम्ही म्हणणार नाही. शंभर टर्नर शंभर तऱ्हेने धार लावीत, त्यांतले साठ चुकीच्या तऱ्हेने लावीत, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न निराळा आहे. योग्य कोन कोणता हे ज्ञान त्या साठांना शिकवायचे, की त्यांच्याकडून धार लावण्याचा हक्कच काढून घ्यायचा? टेलरने दुसरा मार्ग धरला, आणि जगातल्या बहुतेक कारखान्यांनी त्याचीच री ओढली.

पुढे 1927 च्या लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या क्रुप कंपनीने ‘विडिया’ नावाने टंगस्टन कार्बाइड आणले. मग त्याचे लहान लहान तिकोनी-चौकोनी तुकडे आले, ज्यांना ‘इन्सर्ट’ म्हणतात. एक कोपरा बोथट झाला की स्क्रू सैल करून दुसरा कोपरा पुढे फिरवायचा, सगळे कोपरे संपले की तुकडा टाकून द्यायचा. घासणे नाही, धार नाही. संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दिवसाला हजार नग काढायचे तर हेच योग्य, यात शंका नाही. आमच्या युनियनमधली तरुण मुले त्या मशीनवर काम करतात. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात एकदाही दगडावर हत्यार धरलेले नाही. तो त्यांचा दोष नव्हे. त्यांना कोणी तशी गरजच पडू दिली नाही.

या साऱ्या प्रवासात घरच्या लेथचे काय? आपल्या गावाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, कोठे जुन्या गोठ्यात, एकेक लेथ चाललेला आपण ऐकला असेल. पाहिला नसला तरी ऐकला जरूर असेल, कारण दुपारी झोपमोड तोच करतो. यांतले बरेचसे लेथ अशा माणसांचे आहेत, ज्यांना मोठ्या कारखान्यांनी 1990 नंतरच्या वर्षांत ‘स्वेच्छानिवृत्ती’ दिली. (या शब्दातील ‘स्वेच्छा’ कोणाची, ते आज बाजूला ठेवू.) मिळालेल्या पैशांतून कोणी मुलीचे लग्न केले, कोणी घरावर स्लॅब टाकला, आणि कोणी पंधरा-वीस वर्षे वापरलेला जुना लेथ मोडीच्या भावाने घेतला. एक अश्वशक्तीची मोटर, सिंगल फेज वीज. उसाच्या चरकाचा रोलर, पंपाची शाफ्ट, मोटारसायकलचे बुश अशी कामे.

अशा मशीनवर कार्बाइडचा इन्सर्ट अनेकदा फुटतो. मशीन हलते, वेग पुरत नाही, काम मध्येच खाचखळग्याचे येते आणि कार्बाइडचा कोपरा उडतो. तेथे एचएसएसचा बिट सरस. तो जरा लवचीक आहे, कमी वेगावर चालतो आणि बोथट झाला तर दगडावर दोन मिनिटांत पुन्हा उभा राहतो. मात्र त्याला पकड चांगली हवी. येथे होल्डरचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पकडीकडून तीन गोष्टी हव्या असतात. पहिली, हत्याराचे टोक फिरणाऱ्या कामाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सेंटरच्या उंचीवर आले पाहिजे. टोक वर गेले तर धारेऐवजी हत्याराची छाती घासते. खाली गेले तर काम हत्यारावर चढू पाहते, आणि तोंड सपाट करताना मधोमध एक बारीक टेंगूळ शिल्लक राहते. पारखण्याची जुनी युक्ती अशी: गोल काम आणि हत्याराचे टोक यांच्यामध्ये पोलादी पट्टी अलगद दाबून धरावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचा माथा आपल्याकडे झुकला तर टोक खाली आहे, पलीकडे झुकला तर वर आहे. आमच्याकडे सामान्य टर्नर ही उंची पत्र्याचे तुकडे आणि मोडकी करवतीची पाती हत्याराखाली सारून जुळवतो. याला ‘पॅकिंग’ म्हणतात. प्रत्येक हत्यारासाठी वेगळे पॅकिंग, आणि ते नेमके हवे तेव्हा सापडत नाही. दिवसभरात त्या शोधाशोधीत जो वेळ जातो, त्याचा हिशेब टेलरने केला असता तर त्याला घड्याळ लागले नसते, पंचांग लागले असते.

दुसरी गोष्ट, हत्यार होल्डरबाहेर शक्य तितके थोडे काढावे. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाला हत्यार दुप्पट नव्हे, आठपट वाकते. हा नियम शाळेतल्या मुलांना गणित म्हणून शिकवतात. टर्नरला तो कामाच्या अंगावर उमटलेल्या लाटांवरून कळतो. तिसरी गोष्ट, पकड घट्ट असून लवकर सुटली पाहिजे. ही तिसरी गोष्ट सांभाळता आली तर उत्तम. पहिल्या दोन्हींशिवाय मात्र गत्यंतर नाही.

आता करून पाहण्याजोगा सोपा होल्डर सांगतो. भोक आतून मोठे करण्यासाठी जी बोरिंगची दांडी लागते, तिचा हा होल्डर. साध्या एमएस लोखंडाचा चौकोनी ठोकळा घ्यावा. मोडीत मिळालेला तुकडा कानशीने घासून पाहावा. कानस बसली तर तुकडा चांगला, कानस नुसती घसरली तर तो कडक पोलादाचा आहे, त्याच्या नादी लागू नये. गाडीच्या ॲक्सलचा तुकडा फुकट मिळतो म्हणून पुष्कळजण घेतात आणि मग ड्रिल मोडून बसतात. ठोकळा किती उंच हवा? टॉप-स्लाइडच्या माथ्यापासून सेंटरपर्यंतचे अंतर मोजावे, त्यात दांडीच्या भोकाची त्रिज्या मिळवावी आणि वर दहाबारा मिलिमीटर मांस ठेवावे. चार जबड्यांच्या चकमध्ये धरून ठोकळ्याचा तळ सपाट करावा. मग एका कडेला उभे भोक पाडावे, ज्यातून टॉप-स्लाइडचा खिळा वर येईल. हे भोक पुढच्या आडव्या भोकाला मध्येच छेदणार नाही एवढे अंतर राखावे.

आता खरी गंमत आहे. टूल-पोस्ट काढून ठेवावा आणि त्याच्या जागी हा ठोकळा खिळ्यावर बसवून, चकच्या तोंडाशी काटकोनात जुळवून, नट घट्ट आवळावा. ड्रिल नेहमीप्रमाणे टेलस्टॉकमध्ये न लावता चकमध्ये लावावा. म्हणजे ड्रिल फिरेल आणि ठोकळा सॅडलवर बसून त्याच्याकडे जाईल. आधी सेंटर-ड्रिल, मग सहा मिलिमीटर, मग दहा, मग साडेपंधरा आणि शेवटी सोळाचा रीमर. वेग मंद, तेल भरपूर, सॅडल हलक्या हाताने. हे भोक कोणत्या उंचीवर पडेल? त्याच लेथच्या सेंटरच्या उंचीवर, केसभरही इकडेतिकडे नाही. मोजपट्टी लागली नाही, मायक्रोमीटर लागला नाही. लेथने आपले माप आपणच ठोकळ्यावर लिहून दिले! बाजारातला महागडा होल्डर आणला तरी तो कोणत्या तरी सरासरी मशीनसाठी केलेला असतो. हा मात्र या एकाच लेथचा, शेजारच्या लेथवरही तो बरोबर बसेलच असे नाही.

उरलेले काम किरकोळ. भोकाच्या एका बाजूने करवतीने चीर पाडावी आणि चीर आवळण्यासाठी सहा मिलिमीटरचा स्क्रू आडवा घ्यावा. खालच्या अर्ध्यात पाच मिलिमीटरचे भोक पाडून त्यात आटे काढावे, वरच्या अर्ध्यात साडेसहाचे मोकळे भोक ठेवावे. दांडी सोळा मिलिमीटर जाडीची. दांडीच्या टोकाशी बिटासाठी भोक लागते, आणि ते गोल पाडणेच घरी शक्य असते. सहा मिलिमीटरच्या चौकोनी बिटाचा कर्ण सुमारे साडेआठ मिलिमीटर येतो. साडेआठचा ड्रिल चालवला की चौकोन गोलात नेमका बसतो, मग मागून एक स्क्रू दाबला की झाले. पायथागोरस कोणाच्या उपयोगी पडला नाही असे म्हणणाऱ्यांना हे दाखवावे.

हाच होल्डर एका घटनेचे कारण झाला होता, ती येथे सांगितलीच पाहिजे. बरीच वर्षे झाली. एका मोठ्या कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, एक टर्नर होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत मोडीच्या पेटीतला तुकडा घेऊन असाच होल्डर केला आणि आपल्याच मशीनवर आठ महिने वापरला. त्या मशीनवरचे नग वाढले. त्याबद्दल सुपरवायझरची पाठ थोपटली गेली. एके दिवशी त्याने होल्डर डब्याच्या पिशवीत घालून घरी नेण्यास काढला. घराशेजारच्या एका मुलाला, जो आयटीआयला होता, तो दाखवायचा होता. फाटकावर झडती झाली, होल्डर सापडला, आणि दुसऱ्या दिवशी चोरीचे आरोपपत्र हातात पडले. 1946 च्या कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत मालकाच्या मालमत्तेची चोरी ही बडतर्फीला पुरेशी गैरवर्तणूक धरलेली होती.

खातेचौकशीत त्या टर्नरच्या बाजूने आम्ही उभे राहिलो. कायद्याने पाहिले तर लोखंड कंपनीचे, वीज कंपनीची, मशीन कंपनीचे, आणि गेटपास नव्हता. आम्ही त्या चौकशी अधिकाऱ्यास इतकेच विचारले, की मोडीच्या पेटीत त्या तुकड्याची किंमत वजनाने किती झाली असती, आणि आता टेबलावर जो पुरावा म्हणून ठेवला आहे त्याची किंमत किती? या दोन किमतींमध्ये जे अंतर आहे ते कोणाचे? अधिकारी सज्जन होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ‘हा प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेर आहे’ असे नोंदवून घेतले. चार दिवसांचे बिनपगारी निलंबन झाले, नोकरी वाचली. होल्डर जप्त होऊन टूल-रूममध्ये गेला. त्यावर नंबर ठोकला गेला, रजिस्टरात नोंद झाली, आणि पुढे त्याच टर्नरला आपलाच होल्डर पितळी टोकन खिडकीवर देऊन रोज सकाळी घ्यावा लागे व संध्याकाळी परत करावा लागे. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिले जाई, कंपनीच्या खर्चाने. आम्ही पगारवाढीचे करार केले, बोनसचे केले. परंतु त्या दोन किमतींमधल्या अंतराबद्दलचे कलम आजवर एकाही करारात घालता आले नाही. पुढे त्या गृहस्थांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी लेथ बसविला. पहिल्या दिवशी त्यांनी काय केले असेल ते आपण ओळखलेच असेल.

दुसरा एक होल्डर यापेक्षा चतुर आहे. त्याला टँजेन्शियल, म्हणजे स्पर्शरेषेचा होल्डर म्हणतात. नेहमीच्या होल्डरमध्ये बिट आडवा निजलेला असतो. यात तो जवळजवळ उभा असतो, माथा किंचित कामाकडे आणि किंचित डावीकडे, म्हणजे ज्या बाजूला हत्यार सरकत जाते तिकडे झुकलेला. दोन्हीकडचा कल बारा-बारा अंशांचा. कापताना लोखंडाचा दाब खाली येतो तो बिटाच्या लांबीवरून सरळ खाली उतरतो, जसे ओझे डोक्यावर घेतलेल्या माणसाच्या मणक्यावरून उतरते; म्हणून लहानसा बिटही वाकत नाही. पूर्वी टरेट लेथवर ही तऱ्हा वापरीत. अलीकडे ऑस्ट्रेलियातल्या कारागिरांनी ती लहान लेथसाठी पुन्हा लोकप्रिय केली.

आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण निराळाच आहे. नेहमीच्या बिटाला समोरून, बाजूने आणि वरून असे तीन तोंडांवर कोन द्यावे लागतात. नवशिका तेथेच घाबरतो. येथे समोरचे आणि बाजूचे कोन होल्डरनेच कायमचे दिलेले असतात. घासायचे फक्त वरचे एक तोंड, कोपऱ्यापासून मागे उतरते. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे दिसते. बिट झिजला की वर सरकवायचा, पट्टीने उंची पाहायची, स्क्रू आवळायचा. पॅकिंगचा पत्रा कायमचा सुटला. टेलरने जे कोन टर्नरकडून काढून टूल-रूममध्ये नेले होते, ते येथे होल्डरच्या खाचेत उतरले आणि होल्डरसकट टर्नरच्या खिशात परत आले. पहिल्या वर्षाच्या आयटीआयच्या मुलाला आम्ही हा होल्डर देतो, तेव्हा अर्ध्या तासात तो स्वच्छ काम काढू लागतो.

घरी मिलिंग मशीन नसले तरी ही खाच करता येते. बारा अंश आखायला कोनमापकही नको: शंभर मिलिमीटर जाताना सव्वाएकवीस मिलिमीटर चढावे, म्हणजे बारा अंश झाले. पोलादी सुईने रेघ मारावी, दोन्ही रेघांवर करवतीने काप घ्यावे, मधले लोखंड छिन्नीने उडवावे आणि सपाट कानशीने बिट सरकेल इतकी खाच साफ करावी. बिटाला निळा रंग फासून खाचेत बसवावा. जेथे रंग लागेल तेथे कानस मारावी, जेथे लागणार नाही तेथे हात लावू नये. हे फिटरचे काम आहे, टर्नरचे नव्हे, आणि टर्नर लोकांना त्याचा कंटाळा असतो. एक संध्याकाळ पुरत नाही, तीन लागतात. वर पट्टी आणि एक स्क्रू.

कोणी म्हणेल, हे सारे बाजारात तयार मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारून लोक थकले आहेत. तेथे 1898 साली ‘मॉडेल इंजिनियर’ नावाचे नियतकालिक निघाले. पर्सिव्हल मार्शल यांनी ते सुरू केले. कारकून, शाळामास्तर, रेल्वेतले लोक घरामागच्या शेडमध्ये लेथ ठेवून आगगाडीची छोटी इंजिने करू लागले आणि त्यासाठी लागणारे होल्डर स्वतः करून त्यांची चित्रे एकमेकांना या नियतकालिकातून दाखवू लागले. 1946 साली मायफोर्ड कंपनीने याच लोकांसाठी साडेतीन इंच सेंटरचा एक लेथ काढला. अमेरिकेत डेव्हिड गिंजरी यांनी 1980 पासून पुस्तकांची मालिकाच लिहिली, कोळशाच्या भट्टीत मोडीचे ॲल्युमिनियम वितळवून अख्खा लेथच घरी कसा करावा याची. हा त्यांचा छंद आहे. पोट दुसऱ्या नोकरीवर चालते. आमच्या शेडमधल्या माणसाचे पोट त्याच लेथवर आहे. तेव्हा त्यांची युक्ती जरूर घ्यावी, परंतु त्यांची फुरसत आपल्याकडे आहे असे समजू नये. विकतचा चांगला होल्डर परवडत असेल आणि कामे खोळंबली असतील, तर खुशाल विकत घ्यावा.

एक गोष्ट अप्रिय आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने वीज असेल तर दहा माणसे, नसेल तर वीस, अशी कारखान्याची व्याख्या केली होती. घरच्या शेडमध्ये माणूस एक. तेथे कधी निरीक्षक आला नाही, गार्ड नाही, प्रथमोपचाराची पेटी नाही, आणि संप करायचा तर कोणाविरुद्ध? कारखान्यात ज्या सुरक्षेसाठी आम्ही भांडलो, ती घरी स्वतःच स्वतःला द्यावी लागते आणि बहुतेकजण देत नाहीत. चकची चावी चकमध्ये विसरून बटण दाबले तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. सदऱ्याची लोंबती बाही, मनगटातले कडे, गळ्यातला दोरा, बायकामुली मदतीस असतील तर ओढणी, यांतले काहीही लेथजवळ नको. कीस कधी हाताने ओढू नये. तो वस्तऱ्यासारखा कापतो, आकडीने काढावा. धार लावताना डोळ्यांवर चष्मा असावा, नजरेचा नव्हे, सुरक्षेचा. आणि अर्थिंग! जुन्या गोठ्यात, ओल्या जमिनीवर, बिनअर्थिंगच्या मोटरवर काम करणारे लोक आम्हांस माहीत आहेत. त्यांना आम्ही होल्डर कसा करावा हे सांगत नाही. आधी वायरमनला बोलवा, असे सांगतो.

आता ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी व्यवहाराची सूचना. टेबलावर दोन्ही होल्डर ठेवले आहेत. व्याख्यान संपल्यावर हातात घेऊन पाहावे. दुसऱ्याच्या बिटाला धार ताजी आहे, तेव्हा मुलांना जरा दूर धरावे. आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून एक ग्राइंडर, ड्रिलचा संच, दोन रीमर आणि आटे काढण्याचे टॅप ठेवलेले असतात. सभासद असण्याची अट नाही. नोंदवहीत नाव लिहावे, वस्तू न्यावी आणि पुढच्या रविवारी परत करावी. टोकन द्यावे लागत नाही. सहा मिलिमीटरचा टॅप मात्र गेल्या महिन्यापासून परत आलेला नाही आणि वहीतली सही कोणालाच वाचता येत नाही. ते गृहस्थ सभेत असतील तर त्यांनी तो उद्याच्या नाट्यसंगीताला येताना आणावा. आम्ही मागच्या रांगेत बसलेले असू.